वाढदिवस इंग्लंडमध्ये: बागा, नाटके आणि मैत्रिणी यांचे वेळापत्रक कसे जुळवावे

साठावा वाढदिवस इंग्लंडमध्ये साजरा करावा, सोबत जुन्या मैत्रिणी असाव्यात, दिवसा बागा पाहाव्यात आणि संध्याकाळी नाटकाला जावे, ही कल्पना बोलायला सोपी आणि आखायला अवघड आहे, कारण तिच्यात तीन निरनिराळी वेळापत्रके एकमेकांत अडकतात. वाढदिवसाची तारीख ठरलेली असते, बागेचा बहर ऋतूवर चालतो आणि नाटकाचे प्रयोग वारांवर. आपल्याकडचे बहुतेक गट विमानाचे तिकीट स्वस्त दिसले की ते आधी काढतात, आणि मग गुलाब झडून गेल्यावर गुलाबांच्या बागेत, किंवा प्रयोग नसलेल्या दिवशी नाटकाच्या गावात जाऊन उभे राहतात. पुढील मांडणी आम्ही पाच मैत्रिणींनी जून महिन्यात केलेल्या दहा रात्रींच्या सहलीवर बेतलेली आहे. महिना बदलला तरी पायऱ्यांचा क्रम तोच ठेवावा, असे माझे मत आहे.

पहिली पायरी: वाढदिवस आणि बहर यांची गाठ घालणे

कागदावर प्रथम वाढदिवसाचा महिना लिहावा आणि त्या महिन्यात इंग्लंडमध्ये काय फुलते ते पाहावे. फेब्रुवारीत स्नोड्रॉपची पांढरी फुले असतात, एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत रानात ब्लूबेलचा निळा गालिचा पसरतो, मे महिन्यात विस्टेरियाचे जांभळे घोस भिंतींवरून लोंबतात, जून ते जुलैची सुरुवात हा गुलाबांचा काळ, ऑगस्ट-सप्टेंबर डेलियांचा, आणि ऑक्टोबरमध्ये विल्टशरमधील स्टाउरहेडच्या तळ्याकाठी पाने तांबडी-पिवळी होतात. म्हणजे वाढदिवस ऑक्टोबरचा असेल तर गुलाबांचा हट्ट सोडून स्टाउरहेड निवडावे. तारीख हलत नसेल तर ठिकाण हलवावे, हे पहिले सूत्र.

वाढदिवस नोव्हेंबर ते जानेवारीतला असेल तर मात्र सरळ तारीखच हलवावी. आपल्याकडे तिथीचा आणि तारखेचा असे दोन वाढदिवस चालत आलेले आहेतच, आणि इंग्लंडच्या राजालाही ही सोय आहे: राजे चार्ल्स यांचा जन्म १४ नोव्हेंबरचा, पण त्यांच्या वाढदिवसाचे अधिकृत संचलन लंडनमध्ये जून महिन्यात होते, कारण नोव्हेंबरमध्ये तेथे उघड्यावर समारंभ करण्यासारखी हवा नसते. राजाला जे चालते ते आपल्या उत्सवमूर्तीलाही चालावे.

आमच्या गटातील उत्सवमूर्तीचा वाढदिवस जूनच्या तिसऱ्या आठवड्यातील, त्यामुळे गुलाब आयते मिळाले. जूनचा आणखी एक फायदा असा की लंडनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो. त्याचा तोटाही सांगितला पाहिजे: उजेडामुळे दिवस संपतच नाही असे वाटते, आणि साठीच्या पायांना तो संपलेला असतो.

दुसरी पायरी: वारांचा तक्ता

महिना ठरल्यावर सोमवार ते रविवार असा तक्ता आखावा आणि त्यात बंद वार आधी भरावेत. लंडनची बहुतेक मोठी नाट्यगृहे सोमवार ते शनिवार रात्री साडेसातच्या सुमारास आणि आठवड्यातून दोनदा दुपारी प्रयोग करतात; रविवारी बऱ्याच ठिकाणी पडदा उघडत नाही. बागांचे वार त्याहून विचित्र आहेत. ससेक्समधील ग्रेट डिक्स्टर ही बाग एरवी सोमवारी बंद असते, आणि ग्लॉस्टरशरमधील किफ्ट्सगेट कोर्ट ही खासगी बाग तर रोज उघडतच नाही. प्रत्येक बागेचे त्या वर्षीचे वार आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ तिच्या संकेतस्थळावर पाहून तक्त्यात लिहावी.

रविवार हा प्रवासासाठी वाईट दिवस आहे, कारण रेल्वेमार्गांची दुरुस्ती प्रायः त्याच दिवशी काढली जाते आणि मग रेल्वेऐवजी बसने जावे लागते. परंतु याच रविवारी इंग्लंडमधील एक अत्यंत सुंदर प्रथा पाहायला मिळते. नॅशनल गार्डन स्कीम या संस्थेतर्फे १९२७ पासून लोक आपल्या घरची खासगी बाग ठरावीक दिवशी पाहुण्यांसाठी उघडतात, आणि जमलेले पैसे परिचारिकांच्या व आरोग्यसेवेच्या संस्थांना जातात. पहिल्या वर्षी प्रवेशमूल्य माणशी एक शिलिंग होते. आजही साध्या घराच्या मागच्या अंगणात मालकीण स्वतः चहा ओतते, घरी केलेला केक कापून देते आणि आपल्या वाटाण्याच्या वेलाला यंदा काय झाले ते सविस्तर सांगते. मोठ्या बागांत माळी दिसतो. येथे बाग करणारी व्यक्ती भेटते. त्यामुळे रविवारच्या रकान्यात मुक्कामाच्या जवळची अशी एखादी बाग लिहावी आणि स्थानकाकडे फिरकू नये.

आमचा तक्ता शेवटी असा झाला: शुक्रवारी लंडनला उतरणे, शनिवारी क्यू हे लंडनमधील वनस्पती उद्यान, रविवारी शेजारची खासगी बाग, सोमवारी रीजंट्स पार्क आणि तेथील उघड्यावरचे नाटक, मंगळवारी शेक्सपिअरच्या गावी स्ट्रॅटफर्डला प्रस्थान, बुधवारी हिडकोट आणि किफ्ट्सगेट या बागा, गुरुवारी वाढदिवस आणि दुपारचा प्रयोग, शुक्रवारी लंडनला परत, शनिवारी ग्लाइंडबोर्नचा ऑपेरा, रविवार मोकळा, सोमवारी विमान. एका दिवशी एकच मोठी गोष्ट, हा नियम यात पाळला आहे. दिवसभर बाग चालून रात्री तीन तासांचे नाटक पाहायला बसले की दुसऱ्या अंकात निम्मा गट डुलक्या घेतो, आणि तिकीट तर जागेपणाचे घेतलेले असते. रीजंट्स पार्क एवढाच अपवाद, त्याचे कारण पुढे येईल.

तिसरी पायरी: व्हिसा, आणि त्याच्याशी जुळवून घेतलेली आरक्षणे

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांना पर्यटकांचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो आणि बोटांचे ठसे दिल्यानंतर निर्णय सर्वसाधारणपणे तीन आठवड्यांत येतो. गट एक असला तरी अर्ज प्रत्येकीचा स्वतंत्र असतो व त्याचा विचारही स्वतंत्रपणे होतो. म्हणून एकीचा व्हिसा आला म्हणजे सगळ्यांचा आला, असे समजू नये. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेली मैत्रीण असेल तर तिला व्हिसा नको, पण निघण्यापूर्वी ईटीए ही ऑनलाइन परवानगी काढावी लागते. आमच्यापैकी न्यू जर्सीच्या मैत्रिणीला हे निघण्याच्या आठवड्यात समजले, कारण ती व्हिसाच्या चर्चेत 'मला काय त्याचे' म्हणून लक्षच देत नव्हती.

या तीन महिन्यांच्या मर्यादेमुळे एक पेच उभा राहतो. चांगल्या प्रयोगांची चांगली तिकिटे त्याआधीच विक्रीला येतात, आणि नाटकाच्या तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. आम्ही असे केले: राहण्याची आरक्षणे शेवटपर्यंत रद्द करता येतील अशीच घेतली, वाढदिवसाच्या प्रयोगाची पाच तिकिटे धोका पत्करून आधी काढली, आणि उरलेली सर्व तिकिटे व्हिसा हाती आल्यावर घेतली. ज्या एका प्रसंगासाठी सहल आहे, त्याच्यापुरताच धोका घ्यावा.

चौथी पायरी: नाटके निवडणे

नाटकांची निवड करताना 'लंडनला जाऊन गाजलेले संगीतिकेचे प्रयोग पाहिले नाहीत तर काय पाहिले' असा दबाव येतो. ज्यांना ते हवेत त्यांनी जरूर पाहावेत; लेस्टर स्क्वेअरमधील टीकेटीएस या खिडकीवर त्या दिवसाची आणि पुढच्या एक-दोन दिवसांची तिकिटे सवलतीत मिळतात. मात्र बागांसाठी निघालेल्या गटाला नाटकही मोकळ्या हवेतले मिळाले तर सहलीचा सूर एक राहतो.

रीजंट्स पार्कमधील ओपन एअर थिएटर १९३२ पासून चालू आहे आणि ते क्वीन मेरीज गार्डन्सच्या अगदी कडेला आहे. या बागेत सुमारे १२,००० गुलाबाची झाडे आहेत व बहर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जोरावर असतो, पण तिसऱ्या आठवड्यातही भरपूर उरतो. दुपारी चारला बागेत जावे, वाफ्यांवरच्या पाट्यांवरील नावे वाचत सावकाश हिंडावे, बाकावर बसून डबा खावा आणि शंभर-दोनशे पावले चालून नाट्यगृहात शिरावे. नाटक उजेडात सुरू होते आणि दुसऱ्या अंकापर्यंत झाडांमागे अंधार उतरतो, तेव्हा प्रकाशयोजना जणू आकाशाच्या मदतीने होते. पावसाने प्रयोग थांबला तर पैसे परत न देता दुसऱ्या दिवसाचे तिकीट बदलून देण्याची पद्धत आहे. म्हणून हा प्रयोग सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नये.

थेम्सकाठचे ग्लोब हे नाट्यगृह शेक्सपिअरच्या काळातील रचनेप्रमाणे पुन्हा उभारून १९९७ मध्ये खुले झाले. तेथे मधल्या उघड्या चौकात उभे राहून नाटक पाहण्याची तिकिटे सर्वांत स्वस्त असतात. आपल्या जुन्या नाटकवाल्यांच्या भाषेत हे 'पिटातले प्रेक्षक'. पाऊस आला तरी प्रयोग चालू राहतो, छत्री उघडू देत नाहीत, आणि प्रयोग चालू असताना खाली बसूही देत नाहीत. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी गॅलरीतील बाक घ्यावा व त्यासाठी उशी भाड्याने घ्यावी.

लंडनच्या वेस्ट एंड या नाटकांच्या भागातील बरीच नाट्यगृहे शंभर वर्षांहून जुनी आहेत: वरच्या मजल्यावर चढण उभी, खुर्च्या अरुंद, लिफ्ट असेलच असे नाही. तिकीट घेताना 'दृश्याला अडथळा' असा शेरा आहे का ते पाहावे, कारण मधे खांब असतो. मध्यंतरात स्त्रियांच्या स्वच्छतागृहापुढची रांग हा तेथील नेहमीचा विनोद आहे; पडदा पडताच उठणारी एक चपळ मैत्रीण गटात असावी.

इंग्रजीचा उच्चार कानाला अवघड जाईल अशी शंका असेल तर एक सोय फार थोड्यांना ठाऊक असते. बहुतेक मोठी नाट्यगृहे प्रत्येक नाटकाचे काही प्रयोग लिखित संवादांसह करतात. रंगमंचाच्या बाजूच्या पडद्यावर वाक्ये उमटत जातात. ही सोय मुख्यतः ऐकू कमी येणाऱ्यांसाठी असली तरी तिकीट कोणालाही घेता येते. शिवाय शेक्सपिअर पाहायचा असेल तर जाण्यापूर्वी तो मराठीत वाचून घ्यावा. देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव' केले, शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ'वरून 'राजमुकुट', आणि विंदा करंदीकरांनी 'किंग लिअर' मराठीत आणला. कथा आणि पात्रे ओळखीची झाली की सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्रजीची भीती अर्धी होते.

पाचवी पायरी: स्ट्रॅटफर्डला तळ ठोकणे

बागा आणि नाटके एकाच मुक्कामावरून साधायची असतील तर स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनसारखे दुसरे गाव नाही. लंडनच्या मॅरिलबन स्थानकातून थेट गाडीने तेथे दोन-सव्वादोन तासांत पोहोचता येते. अनेकजण सकाळी जाऊन रात्री परतण्याचा बेत करतात. तो चुकीचा आहे, कारण रात्रीचा प्रयोग संपेपर्यंत लंडनची शेवटची गाडी निघून गेलेली असते. तीन रात्री राहावे.

तीन ते नऊ जण एकत्र प्रवास करत असतील तर गर्दीच्या वेळा सोडून ग्रुपसेव्ह या सवलतीत बऱ्याच रेल्वे कंपन्यांकडे भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. पाच मैत्रिणींना ती आपोआप लागू होते, फक्त तिकिटे एकत्र काढावी लागतात आणि प्रवासही एकत्रच करावा लागतो. एकीला खरेदीसाठी मागे राहायचे असेल तर ती सूटही मागे राहते.

हिडकोट ही बाग स्ट्रॅटफर्डहून मोटारीने सुमारे अर्ध्या तासावर आहे. लॉरेन्स जॉन्स्टन यांनी १९०७ नंतर ती घडवली, आणि १९४८ मध्ये ती नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू व निसर्ग जपणाऱ्या संस्थेकडे आली. केवळ बागेसाठी म्हणून ट्रस्टने स्वीकारलेली ती पहिली मालमत्ता. तिची कल्पना वाड्यासारखी आहे: उंच कुंपणांच्या भिंती, त्यांच्यामधून दारे, आणि प्रत्येक दारापलीकडे निराळी खोली. एका खोलीत सगळे लाल, दुसरीत फक्त पाण्याचे गोल कुंड, तिसरीत काहीच नाही, नुसती लांबलचक हिरवळ. नकाशा हातात न घेता फिरावे; हरवणे हाच तेथला आनंद आहे. रस्त्याच्या पलीकडेच किफ्ट्सगेट आहे, जी आजी, मुलगी आणि नात अशा तीन पिढ्यांतील स्त्रियांनी वाढवली. तेथील १९३८ साली लावलेला प्रचंड वेलगुलाब जूनच्या अखेरीस फुलू लागतो, म्हणून आम्हाला तो कळ्यांतच भेटला. दोन्ही बागा उघड्या असतील असाच वार निवडावा.

या दोन बागांजवळ रेल्वे स्थानक नाही, आणि रस्त्यावर हात करून टॅक्सी मिळेल असा तो मुलूख नव्हे. आम्ही जातानाची टॅक्सी ठरवली आणि येतानाची 'तिथे पाहू' म्हणून सोडली. परिणामी किफ्ट्सगेटच्या दारात, मोबाइलला धड जाळे नसताना, एका सहृदय कर्मचारी बाईंच्या दूरध्वनीवरून आम्ही पाऊण तास टॅक्सी शोधत होतो. येण्याजाण्याची टॅक्सी एकाच वेळी, वेळेसह आणि पाच प्रवासी सांगून ठरवावी. साध्या मोटारीत चारच बसतात. स्वतः चालवायचे असेल तर भारतीय परवाना पर्यटकाला चालतो व वाहतूकही डावीकडूनच आहे. मात्र गावाकडचे रस्ते एका गाडीपुरते अरुंद असतात, आणि गाडी भाड्याने देणाऱ्या काही कंपन्या चालकाच्या वयाला वरची मर्यादा घालतात.

सहावी पायरी: प्रत्यक्ष वाढदिवस

वाढदिवसाचा दिवस सर्वांत भरगच्च करण्याचा मोह होतो. तो सर्वांत मोकळा ठेवावा. आमच्या गुरुवारी सकाळी उशिरा न्याहारी, मग न्यू प्लेस येथील बाग, दुपारी रॉयल शेक्सपिअर थिएटरमधील प्रयोग आणि संध्याकाळी नदीकाठी जेवण एवढेच होते. न्यू प्लेस म्हणजे शेक्सपिअरच्या शेवटच्या घराची जागा; घर १७५९ मध्ये पाडले गेले आणि आता तेथे बाग आहे. गंमत अशी की ज्याच्या वाढदिवसाला दर एप्रिलमध्ये हे गाव मिरवणूक काढते, त्याच्या जन्मतारखेची नोंदच नाही. २६ एप्रिल १५६४ रोजी बाप्तिस्मा झाला एवढे चर्चच्या वहीत आहे. २३ एप्रिल हा दिवस परंपरेने मानलेला.

केक घेऊन हिंडू नये. चहाच्या खोलीत किंवा उपाहारगृहात आरक्षण करतानाच वाढदिवस असल्याचे आणि केक अंड्याचा चालेल की नाही ते सांगावे. शाकाहारींसाठी पदार्थांवर खुणा असतात, पण काही चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध गोठवण्यासाठी वापरलेले द्रव्य) असते, तेव्हा काटेकोर असणाऱ्यांनी विचारून घ्यावे. घरून नेण्याच्या खाऊबद्दल एक अप्रिय सूचना: भारतातून दुधाचे पदार्थ आणि मांस ब्रिटनमध्ये नेता येत नाही. पेढे आणि बर्फी घरीच ठेवावी. चकली आणि चिवडा न्यावा.

सातवी पायरी: एक चैन, आणि तिचा हिशेब

ससेक्समधील ग्लाइंडबोर्न येथे १९३४ पासून उन्हाळ्यात ऑपेराचा महोत्सव होतो. गाण्यातून पुढे सरकणारे नाटक मराठी माणसाला नवे नाही, आणि इंग्रजी मजकूर वर पडद्यावर दिसतो. तेथील खरे आकर्षण सुमारे दीड तासाचे लांब मध्यंतर हे आहे, ज्यात प्रेक्षक बागेत चटया अंथरून जेवतात. पोशाख समारंभाचा करण्याची रीत असल्याने आमची उत्सवमूर्ती पैठणी नेसली. आदल्या रात्री पाऊस झाला होता. हिरवळीवर दहा पावले टाकताच काठावरचे मोर ओलेचिंब झाले. मग ठाण्याच्या मैत्रिणीने सेफ्टी पिनांनी निऱ्या घोट्याच्या वर उचलल्या, आणि शेजारच्या चटईवरील डिनर जॅकेट घातलेल्या आजोबांनी आपली जादाची घडीची खुर्ची पुढे केली. तात्पर्य, चटईखाली घालायला प्लास्टिक, बसायला घडीच्या खुर्च्या आणि पिना न्याव्यात. दुपारीच पोहोचून जागा धरावी. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून ल्यूइसला गाडी आणि तेथून बस मिळते.

तिकिटे महाग असतात. ज्यांना तो खर्च नको त्यांनी त्याच दिवशी केंटमधील सिसिंगहर्स्टला जावे. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचे पती हॅरल्ड निकल्सन यांनी १९३० मध्ये विकत घेतलेल्या त्या पडक्या वास्तूतील पांढरी बाग जगभर अनुकरली गेली. स्टेपलहर्स्ट स्थानकापासून टॅक्सी लागते, तीही येण्याजाण्याची.

हिशेबाबद्दल निघण्यापूर्वी अर्धा तास स्पष्ट बोलावे, कारण मैत्री जुनी असली तरी पाकिटे निरनिराळी असतात. राहणे, रेल्वे आणि टॅक्सी यांसाठी समान वर्गणी काढावी व एकीने खजिनदार व्हावे. नाटक आणि खरेदी यांना मात्र तुझे तू, माझे मी हेच बरे, म्हणजे स्वस्त खुर्ची हवी असणारीला संकोच वाटत नाही. उत्सवमूर्तीने सर्वांना जेवण द्यायचे की सर्वांनी तिला, हेही आधीच ठरवावे. आमच्याकडे बिल आल्यावर दहा मिनिटे झटापट झाली आणि वेटर नम्रपणे दूर जाऊन उभा राहिला.

सामान बांधताना

जूनमध्येही पातळ स्वेटर, पावसाचा टोपीवाला कोट आणि ओल्या गवतात चालतील असे बूट लागतात. छत्रीपेक्षा कोट बरा, कारण नाटकात आणि अरुंद बागवाटांवर छत्री अडचण करते. परतीच्या सामानाबाबत एवढेच: प्रत्येक बागेच्या दुकानात रोपे, कंद आणि बियांची पाकिटे मोह घालतात, परंतु आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय ती भारतात आणता येत नाहीत. हातमोजे, सुतळीचे डबे आणि झाडांच्या नावांच्या पाट्या आणाव्यात. छाटणीची कात्री घेतलीच तर ती मोठ्या बॅगेत टाकावी, हातातल्या पिशवीत नव्हे.